हरणाला गाय दिसत नाही

परवा संध्याकाळी गावातल्या टपरीवर चहा पीत बसलो होतो. विषय नेहमीचाच, हरणांचा. कुणाचा हरभरा उगवून आला की लगेच खाल्ला, कुणाच्या तुरीचे शेंडे गेले. तेवढ्यात एक कॉलेजचा पोरगा मिलिटरी प्रिंटचं जॅकेट घालून आला. कुणीतरी चेष्टा केली, "काय रं, शिकारीला निघालास व्हय? ह्या कापडात हरणाला दिसायचा न्हाईस." सगळे हसले. कोपऱ्यात बसलेले एक तात्या मात्र हसले नाहीत. ऐंशीच्या पुढचे असतील. म्हणाले, "कापडानं काय हुतंय? मोकळ्या रानात माणूस कुठलं बी कापड घालू दे, हरणाला दिसतोच. हरणाला फकस्त गाय दिसत न्हाई."

ते वाक्य डोक्यातून जाईना. तात्यांना आणखी एक चहा पाजला आणि बोलतं केलं. घरी येऊन जुनी पुस्तकं काढली. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. गोष्ट हरणाच्या शिकारीची आहे, पण शेवटी ती आपल्या गावाच्या वेशीबाहेर पालात राहणाऱ्या माणसांपाशी येऊन थांबते.

आधी माळ समजून घेऊ. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर जो कोरडा पट्टा उरतो त्यात आपण राहतो. दौंड, बारामती, इंदापूर, कर्जत, करमाळा, मोहोळ, उत्तर सोलापूर. इथे जंगल म्हणजे दाट झाडी नव्हे. गुडघाभर कुसळी गवत, मध्येच एखादी बोर, बाभूळ, हिवर. उभं राहिलं की लांबवरचं सगळं दिसतं. हे काळविटाचं घर. (शास्त्राच्या भाषेत काळवीट हे खरं हरीण नव्हे. हरणाची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, काळविटाची जन्मभर टिकतात. पण आपण पिढ्यानपिढ्या त्याला हरीणच म्हणत आलो, मीही तेच म्हणणार.)

हे जनावर लपत नाही. बिबट्यासारखं झुडपात दबा धरून बसणं त्याच्या स्वभावातच नाही. त्याची सगळी मदार तीन गोष्टींवर. पहिली नजर: डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे मान न वळवता जवळजवळ चहूकडचं दिसतं. दुसरा कळप: एकाने मान खाली घातली तर दुसऱ्याची वर असते. आणि तिसरा वेग: ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. एकदा पळालं की संपलं.

रंगाचं म्हणाल तर अशा खुरवाल्या जनावरांना आपल्यासारखे सगळे रंग दिसत नाहीत. लाल आणि केशरी त्यांना मळकटच भासतो. म्हणून तर अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणारे लोक भडक केशरी जॅकेट घालतात. दुसऱ्या शिकाऱ्याला ते लांबून दिसतं आणि चुकून गोळी लागत नाही. हरणाला त्याचा पत्ता नसतो. मिलिटरी प्रिंट तर आणखी वेगळ्या कामाची. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रेंच सैन्याने चित्रकारांना हाताशी धरून तोफा आणि मोर्चे रंगवायला सुरुवात केली, तिथून हे प्रकरण वाढलं. ते माणसाच्या डोळ्याला फसवण्यासाठी होतं. हरीण रंगापेक्षा हालचाल पाहतं, आणि दोन पायांवर सरळ उभी असलेली, आपल्याच दिशेने चालत येणारी आकृती त्याला बरोबर ओळखू येते.

मग उघड्या माळावर, जिथे आडोशाला दगडसुद्धा नाही, तिथे माणूस या जनावराच्या जवळ गेला तरी कसा? कारण गेला तर होताच. हजारो वर्षं गेला.

अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शिकारीवर चांगलं सविस्तर लिहिलंय. त्यात हरणाच्या शिकारीच्या युक्त्या वाचताना मजा येते. एका प्रकारात शिकारी अंगाला हिरव्या डहाळ्या गुंडाळून घेतो, धनुष्यबाणही तसेच झाकतो आणि बसून राहतो. म्हणजे आजच्या कॅमोफ्लाजचा आजोबाच. दुसरा प्रकार रात्रीचा. ढालीच्या किंवा टोपलीच्या खोलगट बाजूत दिवा ठेवायचा, उजेड हरणाकडे, माणूस अंधारात. सोबत घंटा वाजवत राहायची. काय आहे ते बघायला हरणं जवळ येतात आणि दबा धरलेले तिरंदाज त्यांना टिपतात. तिसरा तर भन्नाट. शिकारी बोडक्या डोक्याने हरणासमोर लांब उभा राहून वेड्यासारखे हातवारे करतो. हरणाला वाटतं हा कुणीतरी वेडा आहे, आणि कुतूहलाने ते पुढे येतं.

यात डहाळ्यांची युक्ती झाडीत चालते. माळावर हिरवं झुडूप एकटंच उगवलं तर हरीण दोनदा बघणार. माळावर खरी चालली ती दुसरी विद्या, हरणाच्या ओळखीचं काहीतरी पुढे करण्याची.

ओळखीचं म्हणजे काय? सगळ्यात ओळखीचं तर हरीणच. रामायणातला मारीच आठवा. तिथे राक्षस हरीण होऊन माणसाला फसवतो. राजांनी ते उलट केलं आणि हरीण पाठवून हरणाला फसवलं. पाळलेल्या नराच्या शिंगांना जाळं किंवा फासे बांधायचे आणि त्याला रानातल्या कळपाजवळ सोडायचं. कळपातला नर आपल्या हद्दीत परका आला म्हणून शिंगं रोखून धावून येणार, लढणार आणि फाशात अडकणार. 'आईन'मध्ये ही पद्धत आहे. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर बाराव्या शतकातला कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात शिकारीवर मोठा भाग आहे, त्यात पाळीव हरीण वापरणंही येतं आणि चित्त्याने केलेली शिकारही येते. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरहून फार लांब नाही. जुन्या मराठीचे नमुने सापडतात तो हाच ग्रंथ.

लाहोरजवळ शेखुपुरा इथे हिरण मिनार म्हणून एक मनोरा आहे. जहांगीर बादशहाने आपल्या लाडक्या हरणाच्या आठवणीत बांधला. हरणाचं नाव मनसराज. लोक सांगतात, किती दयाळू बादशहा, हरणाची कबर बांधली, त्या भागात हरणाच्या शिकारीला बंदी घातली. बंदी घातली हे खरं. पण जहांगीरने स्वतःच लिहून ठेवलंय की मनसराज पाळीव हरणांशी झुंजण्यात आणि रानातली हरणं पकडण्यात अव्वल होता. थोडक्यात, स्मारक ज्याचं आहे तो आपल्याच जातीला फाशात ओढणारा सरदार होता. इतिहासात असली स्मारकं बरीच असतात, पण ते असो.

आता येऊ बैलगाडीकडे. इथून गोष्ट आपल्या अंगणात येते.

चित्ता हा मांजरकुळातला सगळ्यात वेगवान, पण त्याचा दम अगदी थोडा. तीनचारशे मीटरमध्ये हरीण सापडलं तर सापडलं, नाहीतर तो धापा टाकत बसतो. त्यामुळे त्याला कळपाच्या अगदी जवळ नेऊन सोडावं लागायचं. घोडेस्वार जवळ गेला की कळप उधळतो. पायी माणूस गेला तरी उधळतो. मग राजांच्या चित्तेवानांनी काय केलं? साधी शेतकऱ्याची बैलगाडी घेतली. गाडीवर चित्ता बसवला, डोळ्यांवर चामड्याची टोपी, कमरेला दोरी. गाडीवान नेहमीसारखा बैल हाकत चाललाय. गाडी कळपाच्या दिशेने सरळ जात नाही, तिरकी जाते, जणू पलीकडच्या गावाला निघालीय. काळविटं मान वर करतात, गाडी बघतात, पुन्हा चरायला लागतात. रोजच बघतात ती. गाडी शंभरेक पावलांवर आली की टोपी काढायची, नर दाखवायचा, दोरी सोडायची. पुढचं काही क्षणांचं काम. चित्त्याने हरणाचा गळा धरला की चित्तेवान धावत जाऊन हरीण कापायचा, लाकडी पळीत रक्त धरून चित्त्यापुढे करायचा, आणि तो ते चाटत असताना डोळ्यांवर पुन्हा टोपी चढवायचा.

कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांना चित्त्याच्या शिकारीचा मोठा नाद होता. कोल्हापूर आणि भावनगर ही दोन संस्थानं तर यासाठी नावाजलेली. विसाव्या शतकात आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले, पण नाद सोडला नाही.

मला या सगळ्यात एक गोष्ट खुपते. काळवीट बैलगाडीला का घाबरत नव्हतं? कारण शेकडो वर्षं त्या गाडीतून येणाऱ्या कुणब्याने त्याला काही केलं नव्हतं. तो शेतात शेण टाकायला यायचा, कडबा न्यायचा, बाजाराला जायचा. हरणाने दोन तोंडं ज्वारी खाल्ली तर गोफणीने दगड मारायचा, बस. हा जो भरवसा होता तो शेतकऱ्याने कमावलेला. राजाच्या शिकाऱ्याने तो उसना घेतला आणि शिकारीत खर्च केला. अशा शिकारीत लपण्याची जागा म्हणजे हरणाच्या मनातला हा भरवसाच होता.

आणि हाच भरवसा वापरणारा दुसरा एक माणूस होता, ज्याच्याकडे बैलगाडी नव्हती, चित्ता नव्हता. होती फक्त एक गाय.

फासेपारधी. पारध म्हणजे शिकार, फासे लावून ती करणारा तो फासेपारधी. या समाजात पोटभेद बरेच. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ साली रसेलचा मोठा ग्रंथ निघाला, त्यात पारध्यांचे प्रकार दिलेत. कुणी फासे लावणारे, कुणी टाकी लावणारे टाकणकार, कुणी चित्ता पाळणारे, आणि कुणी बैलाच्या आडून शिकार करणारे गायके. आपल्याकडे गाय पारधी म्हणतात ते याच परंपरेतले.

तात्यांनी लहानपणी पाहिलेलं त्यांच्याच शब्दांत थोडं सोपं करून सांगतो. गाय वासरू असल्यापासून शिकवलेली. पारधी गाईच्या पलीकडच्या अंगाला, वाकून, तिच्या पुढच्या पायांशी आपले पाय जुळवत चालायचा. लांबून बघितलं तर चारच पाय दिसावेत. गाय चरत चरत जायची, खरंच चरायची, कारण नुसती चालणारी गाय हरणाला संशयास्पद वाटते. थांबायची, मान हलवायची, पुन्हा दोन पावलं. कळपाकडे नाक करून कधीच नाही, कायम तिरकं. वारा कुठून येतोय ते बघून. असं करत अर्धा अर्धा तास लागायचा. गाईच्या आडोशाने कळपाच्या वाटेवर खुंट्या ठोकून फाशांची लांब दोरी अंथरायची. मग घरातली दुसरी माणसं लांबून वळसा घालून यायची आणि कळपाला हळूच त्या अंगाला हाकायची. धावाधाव नाही, ओरडा नाही. हरीण पळतंय तेच फाशात.

आपण म्हणतो ना, "गाईसारखा गरीब". हरणाचंही गाईबद्दल तेच मत होतं. पारध्याने त्या मताचा उपयोग केला. ही युक्ती काही आपलीच नव्हे. युरोपातले शिकारीही पाखरांच्या जवळ जाताना घोड्याच्या आडून जायचे, त्यावरून इंग्रजीत शब्दप्रयोगसुद्धा रूढ झाला.

गाईच्या आडून गेलेला पारधी एका दिवसात किती हरणं मारणार? फाशात दोनतीन सापडतील. आणि त्यातही नियम होते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या दोन शास्त्रज्ञांनी आपल्या भागातल्या भटक्या समाजांचा अभ्यास केला, त्यात त्यांनी नोंदवलंय की फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर फासेपारधी सोडून द्यायचे. पुढच्या वर्षी पुन्हा याच माळावर यायचं असतं ना. बंदुकीच्या गोळीला असं सोडून देता येत नाही.

राजाचंही पारध्यावाचून भागत नव्हतं. चित्ता पिंजऱ्यात वीत नाही. मुघल काळातली एकच अशी नोंद आहे, जहांगीरच्या वेळची, १६१३ सालची. म्हणजे शिकारीचा प्रत्येक चित्ता रानातून मोठा झालेलाच पकडून आणावा लागायचा. तो पकडायचे पारधी. चित्ते ज्या झाडाला येऊन अंग घासतात, नख्या घासतात, त्या झाडाभोवती फासे लावून. जहांगीर लिहितो की त्याच्या बापाने, म्हणजे अकबराने, हयातीत ९,००० चित्ते जमवले. आकडा फुगवलेला धरला तरी रान किती उपसलं असेल याचा अंदाज येतो. १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले, ते देशातले शेवटचे मानले जातात. १९५२ साली चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत मात्र "चिता पारधी" हे नाव आजही छापलेलं आहे.

तर एकच माळ, एकच काळवीट, आणि युक्तीही एकच: ओळखीच्या जनावराच्या आडून जायचं. आता बघा कुणाला काय मिळालं.

बैलगाडीच्या आडून जाणाऱ्याचा फोटो निघाला. राजवाड्यात शिंगं लागली. इंग्रज पाहुण्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकांत प्रकरणं लिहिली. साहेब स्वतःही तेच करायचे. माळावर काळवीट मारायचं तर गाडीच्या बाजूने चालत जा, हा सल्ला शिकारी साहेबांच्या लिखाणात हमखास असतो. अंगात खाकी. हा खाकी रंगही आडोशाचाच. फारसीत खाक म्हणजे धूळ. १८४०च्या दशकात पेशावरकडे उभारलेल्या गाईड्स पलटणीने हे मळकट कपडे घालायला सुरुवात केली आणि पुढे तो सगळ्या फौजेचा आणि पोलिसांचा रंग झाला.

आणि गाईच्या आडून जाणाऱ्याला काय मिळालं? १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवात उत्तरेत झाली, १९११च्या सुधारित कायद्याने तो देशभर लावता येऊ लागला. या कायद्याने माणसाला गुन्हा केल्यावर गुन्हेगार ठरवलं नाही, जन्माला आल्यावरच ठरवलं. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. फासेपारधी त्या यादीत गेले. जो समाज ऋतूप्रमाणे माळ बदलत जगत होता त्याला सांगितलं, हलायचं नाही. त्याआधीच १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलाची दारं बंद होत आली होती. साहेबाला परवाना मिळे, पारध्याला खटला.

सोलापूरकरांना "सेटलमेंट" हा शब्द माहीत आहे. आज ते एका वस्तीचं नाव वाटतं. तिथे तारेच्या कुंपणात या जमातींना ठेवलं होतं, आणि गिरण्यांना त्यातून मजूर मिळत होते.

इथे शाहू महाराजांचं नाव पुन्हा घ्यावं लागतं, आणि आदराने. ज्या राजाला चित्त्याच्या शिकारीचा नाद, त्याच राजाने फासेपारध्यांना आपल्या संस्थानात कामाला लावलं, पहाऱ्यावर ठेवलं, आणि १९१८ साली संस्थानातली हजेरीची पद्धत बंद केली. शिकारीच्या निमित्ताने माळावर फिरताना त्यांनी ही माणसं जवळून पाहिली असणार, त्यांची विद्या ओळखली असणार, असं मला वाटतं. जे राजाला दिसलं ते सरकारला दिसायला १९५२ उजाडलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. मग "सराईत गुन्हेगार" नावाचे कायदे आले आणि पोलीस पाटलाच्या डोक्यातली यादी तशीच राहिली.

आता प्रश्न असा की काळवीट संपवलं कुणी? गाईवाल्याने की गाडीवाल्याने? खरं सांगायचं तर दोघांनीही नाही. इतकी शतकं हे दोघे शिकार करत होते तरी माळावर कळपच्या कळप होते. संपवलं ते तिसऱ्याने, ज्याला आडोशाची गरजच उरली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आली. रात्रीचे प्रखर दिवे आले. पीक राखायला म्हणून बंदुकीचे परवाने मिळाले. जीप काळविटाच्या बरोबरीने धावते, दिवा डोळ्यांवर पडला की जनावर जागीच थिजतं. लपणं नाही, वाट बघणं नाही, वारा बघणं नाही. देशभरात १९४७ ला सुमारे ८०,००० काळविटं असावीत आणि १९६४ पर्यंत ती ८,००० वर आली, असा अंदाज सांगितला जातो. जवळजवळ सतरा वर्षांत दहातली नऊ गेली.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि काळवीट, चिंकारा पहिल्या अनुसूचीत गेले. १९७९ ला माळढोकसाठी नान्नजचं अभयारण्य, १९८० ला कर्जत तालुक्यात रेहेकुरी. रेहेकुरी केवढंसं, अवघं दोन चौरस किलोमीटरहून थोडं मोठं, पण काळविटाला तिथे पाय टेकायला जागा मिळाली. भावनगरच्या राजांची चित्त्याच्या शिकारीची गवताळ कुरणं वेळावदरचं राष्ट्रीय उद्यान झाली. हा कायदा हवाच होता. तो नसता तर आज टपरीवर हरणांची तक्रार करायला हरणंच नसती. शिकार आज गुन्हा आहे, किमान तीन वर्षांची शिक्षा आहे, आणि ती गाईच्या आडून केली काय की गाडीतून केली काय, गुन्हाच आहे. त्यात मला दुसरं काही म्हणायचं नाही.

म्हणायचं आहे ते वेगळंच. मध्यंतरी आमच्या भागात शेताच्या बांधाला एक हरीण मेलेलं सापडलं. दुपारपर्यंत गावात नक्की झालं होतं की हे पालातल्या लोकांचं काम. पालं उपसली गेली, भांडी बाहेर आली, बायकापोरं उन्हात उभी. काही सापडलं नाही. नंतर कळलं, कुत्र्यांनी फाडलं होतं. त्या पालावर परत कुणी गेलं नाही, "चुकलं" म्हणायला. मी पण गेलो नाही, हेही लिहून ठेवतो. कायदा १९५२ ला रद्द झाला, पण आपल्या नजरेतून तो अजून गेलेला नाही. पूर्वी हरीण गाय बघून निर्धास्त व्हायचं आणि फसायचं. आपण पारधी बघून सावध होतो आणि आपणही फसतो. दोघंही समोरचा खरा कोण ते न बघता सवयीने ठरवतो.

आणि दुसरी गोष्ट माळाची. सरकारी कागदावर माळाला काय म्हणतात? पडीक. इंग्रजांच्या महसुलात जी जमीन सारा देत नाही ती पडीक, आणि तोच शिक्का आजही चालू आहे. मग पडीक जमीन आहे म्हणून तिथे झाडं लावा, एमआयडीसी करा, सोलरचे पत्रे बसवा, प्लॉट पाडा. गवत हेच तिथलं पीक आहे, काळवीट, माळढोक, लांडगा, धनगराची मेंढरं आणि पारध्याचं पाल हे सगळं त्या गवतावर जगत होतं, हे त्या एका शब्दात पुसलं जातं. माळ गेला की हरीण कुठे जाणार? तुमच्या हरभऱ्यात. आणि माळ गेला की पारधी कुठे जाणार? गावाच्या वेशीवर, सिग्नलपाशी, पोलिसांच्या यादीत. मग आपण दोघांनाही "उपद्रव" म्हणतो.

शेतकऱ्याचं नुकसान खोटं नाही. माझीही तूर गेलीय. भरपाईची तरतूद आहे, पण अर्ज, पंचनामा, हेलपाटे यात माणूस दमतो आणि पुढच्या वर्षी अर्जच करत नाही. ते सुटसुटीत झालं पाहिजे, त्यासाठी ग्रामसभेत बोललं पाहिजे. पण हरणावरचा राग हरणावर काढून किंवा पालावर काढून तूर परत येत नाही.

आज रेहेकुरीला किंवा कडबनवाडीच्या माळावर लोक गाडीतून हरणं बघायला जातात. तिथला माणूस पहिली सूचना देतो, गाडीतून खाली उतरू नका, उतरलात तर कळप पळेल. गाडी त्यांच्या सवयीची झालीय. ट्रॅक्टरच्या मागेसुद्धा निवांत चरताना मी पाहिलीत. हरणाने पुन्हा भरवसा टाकलाय, पन्नास वर्षांत, कायद्याच्या जोरावर. या वेळी त्या आडोशाने जाणाऱ्याच्या हातात कॅमेरा आहे, एवढं तरी आपण मिळवलंय.

त्या माळावर हरणाच्या सगळ्यात जवळ कसं जायचं, वारा कसा बघायचा, गाभण मादी कुठली आणि पाडस कुठे लपवलंय, हे पुस्तकाशिवाय सांगू शकेल असा माणूस मात्र त्या गाडीत सहसा नसतो. तो पालात असतो. वन खात्याने हंगामी का होईना, गाईड म्हणून, राखणदार म्हणून या तरुणांना घ्यावं, शिकवावं, पगार द्यावा. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानात एका राजाने हे करून दाखवलंय, तेही कायदा विरोधात असताना.

एक विनंती. तुमच्या घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाने गाईच्या आडून होणारी शिकार, चित्त्याची गाडी, जीपवाले शिकारी असं काही पाहिलं असेल तर विचारून घ्या आणि खाली लिहा. कुणाचं नाव लिहू नका, गाव आणि साधारण काळ पुरे. तात्यांसारखी माणसं आता फार उरली नाहीत. आणि पालावर राहणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर तुमच्या आजोबांनी सांगितलेलं तुम्हीच लिहा. आजवर तुमच्याबद्दल बाकीच्यांनीच फार लिहिलंय.